हबचा नट आणि ट्रॉलीचा हात: खानापूर भागातल्या एका मारुती ८०० चं प्रकरण

गाडी मारुती ८००, २००४ चं मॉडेल, बेळगाव पासिंग. मालक जांबोटी भागातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच घरात. मीटरवर सव्वा लाखाच्या आतबाहेर किलोमीटर, पण मधे बरेच दिवस मीटरची केबल तुटलेली होती, तेव्हा त्या आकड्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही. तक्रार अशी की ४० च्या पुढं गेलं की पुढच्या डाव्या बाजूनं घूंऽ असा आवाज येतो आणि वेगाबरोबर चढत जातो. त्याच चाकाची बेअरिंग वर्षभरात दोनदा बदललेली.

बेअरिंग गेलं, बदललं, विषय संपला, असं दहातल्या नऊ गाड्यांचं असतं आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. पण एकाच चाकाचं बेअरिंग पावसाळ्याआधी बदललेलं दिवाळीला पुन्हा बदलावं लागतं आणि उन्हाळा संपेपर्यंत परत घरघरायला लागतं, तेव्हा तिसऱ्यांदा नवं खोकं फोडण्याआधी थांबायला हवं. खोट्या मालाचा संशय पहिल्यांदा येतो. नामांकित कंपनीच्या खोक्यात भलतंच बेअरिंग आमच्याकडच्या बाजारात मिळतं, हे खरं आहे. म्हणून आधीच्या मिस्त्रीनं दुसऱ्या वेळी बेअरिंग कोल्हापूरहून मागवलं होतं. तेही टिकलं नाही.

गुरुजींनी सोबत वही आणली होती. शाळेच्या हजेरीपटासारखे आखलेले रकाने: तारीख, मीटरचा आकडा, काम, रुपये. गाडीच्या प्रकरणात असा कागद क्वचितच हाती लागतो. त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिलं बेअरिंग बदललं तेव्हा गाडी जवळपास वीस वर्षांची होती, म्हणजे मूळच्या बेअरिंगनं आपलं आयुष्य नीट काढलं होतं. त्यानंतरचं प्रत्येक बेअरिंग मात्र काही हजार किलोमीटरांतच गेलं. रस्ते तेच, पाऊस तोच, चालवणारा माणूसही तोच. बदललं होतं ते एवढंच, की मधे कुणीतरी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग, उघडला होता.

खानापूर रस्त्यावर मच्छेच्या पुढं जरा मोकळा पट्टा मिळतो, तिथं गाडी नेऊन बघितली. पन्नासच्या वेगात गिअर न्यूट्रल केला, आवाज तसाच राहिला. इंजिन आणि गिअरबॉक्स बाजूला झाले. रस्त्याचा पोत बदलला, गुळगुळीत डांबर संपून खडबडीत लागलं, तरी आवाजाचा सूर बदलला नाही. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणं बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. मग रस्ता मोकळा बघून स्टीअरिंग हलकंच उजवीकडं घेतलं. गाडीचं वजन डाव्या चाकांवर गेलं आणि घरघर एकदम वाढली. डावीकडं घेतल्यावर उतरली. डावी बाजू पक्की. पूर्ण वळवून गोल फिरवताना कटकट येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा आजार, इथं ती नव्हती.

दुकानात, म्हणजे आमच्या गॅरेजात, आल्यावर मागच्या चाकांना दगड लावून पुढची बाजू जॅकवर घेतली आणि खाली घोडी दिली. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालणारे अजून बरेच आहेत. चाक वर-खाली धरून हलवलं तर स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा. असा प्ले खालच्या बॉल जॉइंटचाही असू शकतो आणि इथंच बरेच जण गंडतात. दुकानातल्या पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. प्ले गायब. ब्रेक दाबला की डिस्क आणि कॅलिपरच्या मार्फत हब आणि नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो न फिरणारा भाग) एकमेकांना धरले जातात, मधल्या बेअरिंगला हलायला वाव राहत नाही. ब्रेक दाबूनही प्ले राहिला असता तर बॉल जॉइंट बघावा लागला असता. शेवटी एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्यानं चाक फिरवलं. खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागत होती.

इथवर नवीन काही नाही. आधीच्या मिस्त्रीचं निदानही हेच होतं आणि ते बरोबरच होतं.

उघडताना काय दिसलं

खाचांच्या नटात, नट फिरू नये म्हणून घालतात त्या स्प्लिट पिनेच्या जागी बाइंडिंग वायर होती, दोन वेढे देऊन पिळलेली. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती. वायर काढली आणि नटाला पाना लावला. या नटाला साधारण दीड हाताचा पाईप पान्यात घालून जोर द्यावा लागतो, तेव्हा तो कुरकुरत सुटतो. हा साध्या पान्यानं, एका हातानं सुटला.

कॅलिपर बाजूला टांगला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेनं स्प्रिंगला बांधावा. मग हब काढायला पुलर लावला, पण पुलरचा बोल्ट अर्धा फेरा फिरायच्या आत हब हातात आला. इथं माझं लक्ष खऱ्या अर्थानं जागं झालं. हब सहज निघाला की पोरं खूश होतात. तो सहज निघायला नको असतो. या चाकात दोन बेअरिंगं असतात, प्रत्येकाला गोळ्यांच्या आतून एक आणि बाहेरून एक कडी. हबचा गळा, म्हणजे त्याचा नळीसारखा भाग, बाहेरच्या बेअरिंगच्या आतल्या कडीत दाबून बसलेला असतो. बऱ्याचदा हब ओढताना ती कडी गळ्यालाच चिकटून बाहेर येते आणि वेगळी काढायला त्रास देते. इथं कडी बेअरिंगमध्येच राहिली आणि गळा मोकळा सुटून आला.

गळ्यावर तांबूस भुकटी होती. पोरगं म्हणालं, "माती गेलीया आत." खानापूर तालुक्यात असं म्हणणं साहजिकच आहे. जांबोटी, कणकुंबीकडं रस्त्याच्या कडेला जांभा दगड आणि तांबडी माती, पावसात सगळी गाडी खालून गेरूनं रंगवलेली. पण माती आत शिरायची तर सीलमधून शिरणार, मग ती सीलच्या ओठाशी आणि ग्रीसमध्ये दिसली पाहिजे. सील चांगलं होतं, त्याच्या आतलं ग्रीस स्वच्छ होतं. भुकटी होती ती फक्त गळ्यावर, नेमकी कडी बसते त्या पट्ट्यात. अंगठ्यावर घेऊन चोळली तर खरखर नाही, अगदी मऊ आणि कोरडी. ही लोखंडाचीच गंजलेली पूड. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असताना किंचित घसरत राहिले की असा चुरा सुटतो आणि हवेत लगेच गंजतो. केरोसिननं पुसल्यावर खाली आरशासारखा घासलेला पट्टा दिसला, मधे मधे निळसर छटा. निळसर म्हणजे तिथं चांगलीच उष्णता झाली होती.

आणि त्या पट्ट्यावर टोचे होते. सेंटर पंचनं मारलेले, गळ्याभोवती तीन ओळींत. म्हणजे दुसऱ्यांदा बेअरिंग बदलणाऱ्याला गळा ढिला लागला होता. त्यानं पंच मारून त्याला जाड केलं. टोचा मारला की त्याच्या कडेची धातू वर उठते, कडी घट्ट बसल्यासारखी वाटते आणि गाडी दुकानातून घट्टच बाहेर पडते. पण कडीचा सगळा भार त्या उठलेल्या टोकांवर येतो आणि ती बघता बघता चपटी होतात. शिवाय कडी सगळीकडून सारखी टेकत नाही, म्हणून गोळ्यांची वाट गोल राहत नाही. शेतातल्या पाण्याच्या पंपाच्या शाफ्टला हा उपाय एखादा हंगाम काढतो. गाडीच्या चाकाला तो करू नये.

मायक्रोमीटर लावला. नव्या बेअरिंगच्या कडीच्या भोकापेक्षा गळा दहा-वीस मायक्रॉननं मोठा असायला हवा, म्हणजे तो दाबल्याशिवाय जाणार नाही. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. इथं गळा उलट चाळीस-पंचेचाळीस मायक्रॉननं लहान निघाला. माणसाच्या केसाची जाडी साधारण साठ-सत्तर मायक्रॉन, म्हणजे ही फट केसाहूनही बारीक. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही.

पण ती काय करते याचा हिशेब मांडून बघावा. आतली कडी गळ्यापेक्षा मोठी असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती परिघाच्या फरकाएवढी मागं पडते. पंचेचाळीस मायक्रॉनच्या फटीला हा फरक ०.१४ मिलिमीटर. १४५/७० आर १२ च्या टायरचा घेर सुमारे १.६ मीटर, म्हणजे किलोमीटरमागं सव्वासहाशे फेरे. गुणाकार केला तर एका किलोमीटरला कडी गळ्यावर आठ-नऊ सेंटिमीटर घासते. खानापूरहून बेळगावला, पंचवीसेक किलोमीटर, दोन मीटरांच्या वर. गुरुजी आठवड्यातून दोनदा येतात. बेअरिंग कुठल्याही कंपनीचं असो, ते बिचारं काय करणार?

नकलचा बोअरही मोजला, कारण बाहेरच्या कडीची जागा ढिली असती तर नकलही गेली असती आणि खर्च दुप्पट झाला असता. ती गोल होती आणि मापात होती. हे असं होण्यामागं कारण आहे. पुढच्या चाकात आतली कडी हबबरोबर फिरते आणि भार मात्र सतत खालूनच येतो. म्हणून तिच्या परिघावरचा प्रत्येक बिंदू आळीपाळीनं भाराखाली येतो आणि ती घसरायला बघते. बाहेरची कडी नकलमध्ये जागच्या जागी असते, तिला घसरायचं फारसं कारण नसतं. जी कडी भाराच्या हिशेबानं फिरते ती घट्ट हवी, हा नियम लक्षात असला की कुठं बघायचं ते कळतं.

ट्रॉलीचा हात

आता प्रश्न असा, की वीस वर्षं घट्ट असलेला गळा एकाएकी ढिला का झाला? कुणी हातोड्यानं गळा लहान करत नाही. उत्तर त्या एका हातानं सुटलेल्या नटात होतं.

गुरुजींना विचारलं, पहिलं काम कुणी केलं. गावाजवळचे एक मिस्त्री, वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्यांचं काम करतात. हंगामात त्यांच्या दारात ट्रॉल्यांची रांग असते. माणूस चोख, हाताला चव असलेला. गुरुजींच्या आग्रहावरून फोन लावला आणि नट कसा आवळला ते सरळ विचारलं. मामा म्हणाले, "चाक फिरवत फिरवत आवळला, जड लागल्यावर थोडा मागं घेतला की. बेरिंगला जीव नको काय?"

ट्रॉलीच्या हबला हे शंभर टक्के बरोबर आहे. तिथं समोरासमोर दोन टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरांची, बेअरिंगं असतात आणि त्यांच्यातली फट नटच ठरवतो. चाक फिरवत नट आवळायचा, चाक जड झालं की साधारण एक षष्ठांश फेरा मागं घ्यायचा, चाक मोकळं फिरतं हे बघायचं आणि पिन घालायची. जुन्या जीपच्या हबलाही हीच रीत. मागं घेतला नाही तर रोलर तापतात, ग्रीस पातळ होऊन वाहतं आणि भरल्या उसाची ट्रॉली रस्त्यातच बसते. ज्यानं हे जळलेले हब रात्री-अपरात्री रस्त्यावर बदललेत, त्याच्या हाताला नट मागं घ्यायची सवय लागणारच.

मारुतीच्या पुढच्या हबची रचना वेगळी आहे. नकलमध्ये दोन बॉल बेअरिंगं, मधे एक स्पेसर. दोघांमधली फट ठरवायचं काम नकलमधला खांदा आणि स्पेसरची लांबी मिळून करतात, कारखान्यातच. नटाला फट ठरवायची नसते. त्याचं काम एकच: ड्राइव्ह शाफ्टचा खांदा, आतली कडी, स्पेसर, दुसरी कडी आणि हब हे सगळं दाबून एक करून टाकायचं, जणू एकच तुकडा. त्यासाठी जोर लागतो तो दीडशे ते दोनशे न्यूटन-मीटर. साध्या भाषेत, मीटरभर लांब पान्याच्या टोकाला सोळा-अठरा किलोचं वजन लटकवल्यावर होईल तेवढा. तेवढा दाब असला की कड्यांना फिरायची मुभा राहत नाही. मामांनी नट मागं घेतला आणि ती मिळाली. कडी गळ्यावर सरकू लागली, गळा झिजला, झिजल्यावर आणखी सरकली.

वायरचंही कोडं मग उलगडलं. नटाची खाच आणि शाफ्टचं भोक जुळलं नाही की पिन जात नाही. टेपर बेअरिंगला अशा वेळी नट मागच्या खाचेला घेतात. इथं पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा असतो, मागं कधीच नाही. मामांनी मागं घेतला, पिनेचं भोक मोठं झालेलं, पिन हलत होती, म्हणून वायर. त्यांच्या परीनं प्रत्येक पाऊल सावधपणाचंच होतं.

दुसऱ्या वेळचं काम मामांनी केलं नव्हतं. ते बेळगावातल्या एका गॅरेजात झालं. टोचे तिथले, आणि नट-वायर त्यांनी आधी होती तशीच परत लावलेली दिसते. त्या गॅरेजला ढिला गळा दिसला होता आणि त्यांनी तो गुरुजींना सांगितला नाही, हे मला मामांच्या नटापेक्षा जास्त खटकतं.

चार वाटा

गुरुजींसमोर पर्याय मांडले. सगळ्यात स्वस्त म्हणजे नवं बेअरिंग आणि गळ्याला चिकटवणारं रसायन. कारखान्यांत बेअरिंग बसवताना अशी रसायनं वापरतात आणि ती कामाची असतात. पण चाकाच्या हबला ब्रेकची उष्णता, खड्ड्यांचे दणके, आणि फट एका अंगाला जास्त तर एका अंगाला कमी. कडी मधोमध बसेल याची खात्री नाही. मी नाही म्हटलं.

दुसरी वाट उद्यमबागेची, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीची. बेळगावात लेथ, ग्राइंडिंग, फौंड्री यांचं एवढं जाळं आहे की इथं कुठलाही भाग वाया गेला असं म्हणायला जीभ धजत नाही. गळ्यावर वेल्डिंग भरायचं आणि परत मापात कातायचं. हब घेऊन ओळखीच्या लेथवाल्या अण्णांकडं गेलो. त्यांनी तो हातात फिरवला, आतले स्प्लाइन, म्हणजे शाफ्ट अडकतो ते दाते, बघितले आणि खाली ठेवला. "ब्याड री (नको हो). ट्रॉलीचं आणा, पंपाचं आणा, करून देतो. हे चाक हाय." कारण रास्त आहे. गळा आतून स्प्लाइनसाठी पोकळ, भिंत पातळ. वेल्डिंगच्या उष्णतेनं स्प्लाइन वाकडे होतात, पोलादाचा गुण बदलतो आणि नेमकं गळा जिथं हबच्या चपट्या तबकडीला मिळतो तिथं, सगळा वाकवणारा जोर येतो त्या कोपऱ्यात, तडा जायची भीती. तबकडी जरा जरी तिरकी झाली तर वर बसणारी डिस्क डगमगते आणि ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं. धंदा सोडून नाही म्हणणारा माणूस भेटला की त्याचं ऐकावं.

तिसरी, भंगारातला हब. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, तरी मोडीत निघालेल्या गाड्या भरपूर आहेत. पण भंगारातला हब मायक्रोमीटर खिशात घेऊनच निवडावा लागतो. दोन बघितले. एकाचा गळा ढिला, दुसऱ्याचा चांगला पण स्टडचे आटे गेलेले आणि तबकडीवर गंजाचे खोल खड्डे. चौथी वाट नवा हब. गुरुजींनी वहीतल्या डाव्या चाकाच्या नोंदींची बेरीज केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे आधीच केलं असतं तर स्वस्तात पडलं असतं की हो." नवा हब, दोन बेअरिंगं, स्पेसर, सील, नट, स्प्लिट पिन. स्पेसर मी मुद्दाम नवा घातला. कड्या फिरून फिरून जुन्याची टोकं झिजली होती, आणि स्पेसर आखूड झाला की नट पूर्ण आवळल्यावर दोन्ही बेअरिंगं एकमेकांवर दाबली जातात. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. ज्या गाडीचा नट आपण आता पहिल्यांदाच नीट आवळणार आहोत, तिथं स्पेसरवर पैसे वाचवणं म्हणजे दुसऱ्या टोकानं तोच खड्डा.

बसवणं

नकल उतरवून प्रेसवर नेली. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कडीवरच द्यायचा, हब दाबताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा. याच्या उलट केलं तर जोर गोळ्यांमधून जातो आणि गोळ्यांचे ठसे कडीवर उमटतात. असं बेअरिंग बसवतानाच मेलेलं असतं, फक्त घरघर पंधरवड्यानं ऐकू येते. हातोडा आणि छिन्नीनं ठोकून बसवलेल्या बेअरिंगचं हेच होतं. गॅस कटरनं नकल लाल करणारेही आहेत. बेअरिंगला १२० अंशांच्या वर तापवू नये, तिथून पुढं पोलादाचा कठीणपणा उतरायला लागतो. त्यापेक्षा बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर साठेक मिलिमीटर व्यासाला पंचवीस-तीस मायक्रॉन आकसतं आणि प्रेसला जोर कमी लागतो. बाहेर काढल्यावर दव पुसून लगेच बसवायचं.

ग्रीस लिथियमचं, मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी असं समजून ठासून भरतात. मग ते घुसळून तापतं आणि सीलमधून बाहेर येतं. डिस्क बसवण्याआधी हबची आणि डिस्कची तोंडं तारेच्या ब्रशनं घासली, डायल गेज लावून डगमग तपासली. नट आधी हातानं, मग टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेला जोर झाला की कट्ट वाजणाऱ्या पान्यानं. खाच जुळली नाही, पुढच्या खाचेपर्यंत नेला, नवी पिन, दोन्ही पाय वाकवले. नट पूर्ण आवळेपर्यंत गाडी चाकावर उतरवायची नाही आणि ढकलायचीही नाही.

मागचं डावं

गाडी वर होतीच म्हणून मागची चाकंही फिरवली. डाव्या मागच्यातून मंद खरखर. पुढच्या आवाजाखाली ती दबून गेली होती. पुढचं नीट करून गाडी दिली असती तर गुरुजी दोन दिवसांत परत आले असते आणि आमच्या कामावर संशय आला असता.

इथं मात्र पोराचं म्हणणं खरं ठरलं: खरीच माती. ड्रमवरची ग्रीसची टोपी नव्हती, तिथं प्लास्टिकची पिशवी कोंबून वर टेप मारलेली. ड्रमच्या आत तांबडी पेज. जुलैत गुरुजी गावाजवळच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, वाहत्या पाण्यातून गाडी घेऊन गेले होते. ब्रेक मारत उतार उतरल्यावर ड्रम गरम असतो. तो तसाच थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी ओढून घेते. टोपी असती तर वाचलं असतं.

मागच्या चाकात नियम उलटा होतो. बाहेरची कडी ड्रमबरोबर फिरते, म्हणून घट्ट हवी ती ड्रममध्ये. आतली कडी स्टबवर, म्हणजे न फिरणाऱ्या दांड्यावर, हातानं सरकते आणि तसंच असायला पाहिजे. ड्रममधली जागा चांगली होती. बेअरिंगं, सील आणि खरीखुरी टोपी घालून ते प्रकरण मिटलं. ब्रेक शूवर ग्रीस गेलं नव्हतं, हे नशीब.

डावीच बाजू का, असं गुरुजींनी विचारलं. हंगामात समोरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की डावी चाकं डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतात, कडेच्या फुटलेल्या काठावर आपटतात. या भागात डावीकडचं सगळं जरा लवकर जातं, हे खरं. पण गुरुजींच्या पुढच्या हबचं कारण ते नव्हतं.

पुढं

काही आठवड्यांनी, गणपतीच्या आधी, गाडी तपासायला परत आली. आवाज नव्हता. वीसेक किलोमीटर चालवून, ब्रेक फार न लावता थांबून चारही हबना हात लावला, चौघं सारखेच कोमट. पुढच्या डाव्यात प्ले नाही.

उजव्या पुढच्याचा विषय उरला होता. त्या पहिल्या वेळी मामांनी "जोडीनं बदला" म्हणून उजवी बेअरिंगंही बदलली होती. तिथली पिन काढून बघितली तर नट तसाच मागं घेतलेला. आवाज नव्हता, प्लेही नव्हता. गुरुजींना वाटत होतं आताच उघडून नवा हब घालावा. मी नको म्हटलं. उघडलं की बेअरिंगं गेलीच, कारण हब ओढताना जोर गोळ्यांमधूनच जातो आणि काढलेलं बेअरिंग परत घालायचं नसतं. नट टॉर्क पान्यानं पूर्ण आवळला, नवी पिन घातली. गळा किती झिजलाय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. वहीत एक रकाना वाढवून दिला: पन्नासच्या वेगात हलकंच डावीकडं घेतल्यावर घरघर वाढते का, महिन्याला एकदा. वाढली तर थेट हब मोजायचा, नुसतं बेअरिंग कुणी बदलायला निघालं तर थांबवायचं.

त्या दिवशी मामाही गुरुजींबरोबर आले होते. जुना हब मी ठेवला होता, तो हातात घेऊन त्यांनी गळ्यावर अंगठा फिरवला, टोचे बघितले आणि "हे माझं न्हवं" म्हणाले. मग टॉर्क पाना मागितला, उजव्या नटाला स्वतः लावून बघितला आणि तो कट्ट झाल्यावर चकित झाले. "एवढा? मग आता ट्रॉलीला पण असाच आवळायचा काय?"

"ट्रॉलीला नको मामा. तिथं तुम्ही करता तेच बरोबर."

त्यांनी पान्यावरचा आकडा गुरुजींच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला, पान फाडून खिशात घातलं आणि टॉर्क पाना बेळगावात कुठं मिळतो ते विचारलं.